घाट उतरताना शरीर कुठे, नजर कुठे

मालवण, देवगड, वेंगुर्ले, बांदा, कणकवली इथल्या आपल्या घरांची सोयरीक घाटमाथ्यापलीकडे राधानगरी, आजरा, कोल्हापूर, बेळगावपर्यंत पोहोचलेली असते. निकाह असो, कुणाच्या मय्यतीला जायचे असो, मोठ्या इस्पितळात कुणाला भेटायचे असो, की मुलाला कोल्हापूरच्या कॉलेजात घालायचे असो, वाट घाटातूनच जाते. सावंतवाडीहून आंबोली, कणकवलीहून फोंडा, वैभववाडीहून करूळ, खारेपाटणकडून भुईबावडा आणि दोडामार्गहून तिलारी. पूर्वी या वाटेने आपण एस.टी.ने जायचो. आता घरोघरी दुचाकी आहे आणि विशी-पंचविशीतली मुले ‘सकाळी जाऊन संध्याकाळी येतो’ म्हणून निघतात. त्यांचा फोन येईपर्यंत अम्मीच्या घशाखाली घास उतरत नाही.

काळजी करण्यासारखे कारणही आहे. घाट चढताना गाडी आपोआप हळू होते. हात सैल सोडला तरी वेग कमीच होतो. उतरताना उलटे. तिथे काहीही न करणाऱ्याचा वेग वाढत जातो. म्हणून उतरणे हे चढण्यापेक्षा वेगळे कौशल्य आहे, आणि ते लायसन्सच्या परीक्षेत सपाट मैदानावर आठचा आकडा काढून येत नाही. या महिन्याच्या सदरात त्याच कौशल्याविषयी बोलू. गाडीपेक्षा जास्त शरीराविषयी: बसावे कसे, वजन कुठे ठेवावे, पाहावे कुठे आणि वळावे कसे.

पाच लिटर पाण्याचा हिशेब

आधी एक साधे गणित. आंबोली समुद्रसपाटीपासून सुमारे 690 मीटर उंच आहे. स्कूटर, तिच्यावर दोन माणसे आणि थोडे सामान मिळून अडीचशे किलो वजन धरा. एवढे वजन सहाशे मीटर खाली आले की जी ऊर्जा मोकळी होते, तिच्यात साधारण पाच लिटर पाणी घरातल्या तापमानापासून उकळीपर्यंत जाईल. ही ऊर्जा कुठेतरी जायलाच हवी. थोडी वाऱ्यात जाते, थोडी इंजिनात. उरलेली सगळी ब्रेकमध्ये उष्णता होऊन साठते. चाकाच्या मधला तो लहानसा ड्रम, आणि त्यात पाच लिटरचा टोप उकळवणारी आग! सतत ब्रेक दाबून घाट उतरणाऱ्याला शेवटच्या वळणांवर ब्रेक ‘लागत नाही’ असे का वाटते, ते यावरून कळेल. ब्रेक तुटलेला नसतो, तापून पकड हरवलेला असतो.

दुसरे गणित वेगाचे. वेग दुप्पट झाला की थांबायला लागणारे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. वळणावर गाडीला बाहेर ढकलणारा जोरही चौपट होतो. ताशी 20 किलोमीटरने सहज निघणारे वळण 40 ने घेताना टायरकडून आपण चौपट पकड मागतो. ओल्या रस्त्यावर टायर ती कुठून आणणार?

बर्फावरचे उतरणे

उतारावर शरीर कसे वागते हे सर्वांत स्पष्ट दिसते ते बर्फावर. काश्मीरच्या सहलीला गेलेल्या आपल्यापैकी अनेकांनी गुलमर्ग पाहिले असेल. सुमारे 2,650 मीटर उंचीवरच्या त्या गावात हिवाळ्यात मुले पायाला लांब पट्ट्या बांधून उतारावरून घसरत खाली येतात. त्यालाच स्कीइंग म्हणतात. त्याच टापूत, तंगमर्गजवळ वाढलेला मोहम्मद आरिफ खान 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये उतरलेला भारताचा एकमेव खेळाडू होता. उद्घाटनाला तिरंगाही त्यानेच धरला होता. त्याच्या वडिलांचा गुलमर्गला स्कीइंगच्या साहित्याचा व्यवसाय, त्यामुळे तो अगदी लहानपणापासून पट्ट्यांवर उभा राहिला.

13 फेब्रुवारी 2022 ला त्याची पहिली शर्यत झाली. त्या दिवशी बर्फ पडत होता, पुढचे नीट दिसत नव्हते आणि जगातले अनेक नावाजलेले खेळाडू मध्येच घसरून बाद झाले. आरिफने दोन्ही फेऱ्या पूर्ण केल्या आणि 45 वा क्रमांक मिळवला. तीन दिवसांनी दुसरी, अधिक अरुंद वळणांची शर्यत होती. तिच्यात मात्र त्याला पहिली फेरीही पूर्ण करता आली नाही. आयुष्यभर उतार उतरलेल्या माणसालाही प्रत्येक उतार नव्याने उतरावा लागतो, हे आपल्या ‘मला हा घाट पाठ आहे’ म्हणणाऱ्या मुलांनी लक्षात ठेवावे.

स्कीइंग शिकवणारे उस्ताद नवख्याला सर्वांत आधी काय सांगतात? उतार पाहून माणूस घाबरतो आणि नकळत मागे झुकतो. मागे झुकला की पट्टीच्या टोकावरचे वजन जाते, आणि वळवण्याचे काम तर टोकाकडूनच सुरू होते. म्हणजे जी हालचाल तो वाचण्यासाठी करतो, तीच त्याला पाडते. म्हणून ते सांगतात: गुडघे वाकवा, नडगी बुटाच्या पुढच्या भागाला टेकू द्या, हात पुढे आणि दिसतील असे ठेवा, वळताना बाहेरच्या पायावर भार द्या, आणि नजर पायांकडे नको, पुढच्या वळणाकडे ठेवा.

दुचाकीवर भीतीचे रूप निराळे असते. उतारात आणि ब्रेक दाबताना वजन आपोआप पुढे येते. घाबरलेला माणूस मग हात ताठ करून हँडलवर रेलतो. ताठ हात म्हणजे जाम झालेले हँडल. वळणावर गाडी वळायला पाहते आणि हातच तिला वळू देत नाहीत. बर्फावर चूक मागे झुकण्याची, इथे चूक पुढे रेलण्याची. मूळ एकच, भीतीने ताठलेले शरीर. आपल्या किनाऱ्यावरचा मासेमारीला जाणारा माणूस लाटेवर हलणाऱ्या होडीत उभा राहतो तो गुडघे सैल ठेवूनच. ताठ उभा राहिला तर पहिल्याच लाटेला पाण्यात. घाटात तेच गुडघे कामाला येतात.

बसण्याची रीत

गिअरच्या बाईकवर दोन्ही गुडघ्यांनी पेट्रोलची टाकी हलकेच पकडावी. वजन पुढे घसरते ते गुडघ्यांनी आणि मांड्यांनी अडवायचे, मनगटांनी नव्हे. पायाचा चवडा फूटरेस्टवर, कोपर किंचित वाकलेले, खांदे खाली. हात किती सैल आहेत हे तपासायची सोपी खूण आहे: कोपर वर-खाली हलवून पाहावेत. हलत नसतील तर तुम्ही हँडलवर टांगलेले आहात.

स्कूटरला पकडायला टाकी नसते. तिथे सीटवर थोडे मागे सरकून बसावे, दोन्ही पाय फूटबोर्डावर सपाट टेकवावेत आणि टाचांनी जोर द्यावा. एक पाय बाहेर लोंबकळत ठेवून, ‘पडलो तर टेकवीन’ अशा हिशेबाने उतरणारे पुष्कळ दिसतात. चालत्या गाडीतून टेकवलेला पाय मोडतो, गाडी सावरत नाही. फूटबोर्डावर गॅसची टाकी, तांदळाची गोणी किंवा फणस ठेवला असेल तर पाय टेकवायला जागाच उरत नाही. तसे सामान घाटातून न्यायचे नाही.

वेग कुठे कमी करायचा

वेग वळणाआधी कमी करायचा, वळणात नाही. हा एक नियम पाळला तरी निम्मे काम झाले. गाडी सरळ उभी असताना टायरची सगळी पकड ब्रेकला मिळते. गाडी कलली की तीच पकड वळण्याच्या कामात खर्च होते, आणि त्यातच पुढचा ब्रेक जोरात दाबला तर पुढचे चाक सटकते. म्हणून वळण दिसले की सरळ रस्त्यावरच दोन्ही ब्रेक दाबायचे, वेग पुरेसा उतरवायचा, मग ब्रेक हळूहळू सोडत वळणात शिरायचे.

काही घरांत अजून समजूत आहे की पुढचा ब्रेक धोक्याचा, तो वापरूच नये. उतारात वजन पुढच्या चाकावर आलेले असते, तेव्हा थांबवण्याचे जास्त काम तोच करतो. धोका आहे तो एकदम आवळण्यात आणि कललेल्या गाडीत दाबण्यात. 1 एप्रिल 2019 पासून नव्या गाड्यांना 125 सीसीपर्यंत निदान जोडब्रेक आणि त्यावर एबीएस सक्तीचे झाले. त्याने मदत होते, पण ओल्या शेवाळावर कोणतेही यंत्र पकड निर्माण करू शकत नाही.

ब्रेक सारखा घासत ठेवू नये. थोडा वेळ नीट दाबावा, वेग उतरला की पूर्ण सोडावा आणि वारा लागू द्यावा. गिअरच्या गाडीने ज्या गिअरमध्ये घाट चढला असता त्याच गिअरमध्ये उतरावे, म्हणजे इंजिनच गाडी रोखून धरते. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून गाडी सोडणे म्हणजे हा आधार हाताने काढून टाकणे होय. बिनगिअरच्या स्कूटरला इंजिनाचा आधार मुळात कमी, आणि वेग अगदी कमी झाला की तोही सुटतो. म्हणून स्कूटरवाल्याने सुरुवातीपासूनच हळू उतरावे आणि मध्ये एकदा सुरक्षित, रुंद जागी दहा मिनिटे थांबावे. तापलेल्या ब्रेकवर पाणी ओतू नये. वाऱ्यानेच गार होऊ द्यावा.

नजर जिथे, गाडी तिथे

हे ऐकायला जादूसारखे वाटते, पण कुणीही करून पाहावे. माणूस ज्या खड्ड्याकडे टक लावतो त्याच खड्ड्यात जातो. कठड्याकडे पाहणारा कठड्याकडे सरकतो. खांदे, कंबर आणि हात नजरेच्या मागे जातात. म्हणून वळणात शिरताना हनुवटी वळवून, वळण जिथे संपते तिथे पाहायचे. पुढचे दिसत नसेल तर जितका रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता येईल इतकाच वेग ठेवायचा. आंबोलीचा धबधबा पाहायचा असेल तर गाडी बाजूला लावून पाहावा. चालत्या गाडीवरून धबधब्याकडे मान वळली की गाडीही तिकडे वळते, आणि पावसाळी रविवारी तिथे रस्त्यावरच माणसे उभी असतात.

डावे वळण, उजवे वळण

आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, त्यामुळे दोन वळणांत दोन वेगळे धोके असतात.

डाव्या वळणात आपली बाजू आतली असते. आतली कड अरुंद आणि तीव्र उताराची. वेग जास्त असला की गाडी बाहेर फेकली जाऊन समोरून येणाऱ्याच्या बाजूला जाते. इथे आपल्याच बाजूत राहून, मधल्या रेघेपासून सुरक्षित अंतर ठेवून थोडे बाहेरून शिरावे, पुढचे दिसू द्यावे आणि मग आत यावे.

उजव्या वळणात आपली बाजू बाहेरची. इथला मोह म्हणजे रेघ ओलांडून वळण ‘कापणे’. नेमकी तेव्हाच चढावरून एस.टी. किंवा चिऱ्याचा ट्रक येतो. हेही लक्षात असू द्या की उजवीकडे कललेल्या गाडीची चाके आपल्या बाजूत असली तरी स्वाराचे डोके रेघेपलीकडे गेलेले असते. म्हणून डाव्या अंगाने, पण कडेची खडी टाळून वळावे.

मोठ्या गाडीला तीव्र वळणावर पूर्ण रस्ता लागतो. ती येताना दिसली तर वळणात घुसू नये, अलीकडेच थांबावे. अरुंद चढावर वर येणाऱ्याचा हक्क आधी, हा नियमही आहे आणि शहाणपणही.

मागे बसणारी माणसे

डबल सीटवर मागचा माणूस म्हणजे गाडीचे निम्मे शरीर. गाडी डावीकडे कलली की घाबरून तो उजवीकडे कलतो आणि चालवणाऱ्याला वाटते गाडीच वळत नाही. मागच्याने चालवणाऱ्याच्या कंबरेला धरावे, त्याच्याबरोबरच कलावे आणि वळण ज्या बाजूला असेल त्या बाजूच्या खांद्यावरून पुढे पाहावे. नजर आत ठेवली की शरीर बरोबर बसते.

आपल्या घरातल्या बायका बहुधा एका बाजूला पाय करून बसतात. सपाट गावात ते चालून जाते. घाटात सगळे वजन एका अंगाला येते आणि धरायला काही नसते. खाली सलवार असताना दोन्ही बाजूंना पाय टाकून बसण्यात पडद्याला बाध येत नाही. बुरख्याचा घेर, ओढणीची टोके आधी गोळा करून बसावे, हवे तर कंबरेशी गाठ मारावी. चाकात किंवा चेनमध्ये गुंतलेली ओढणी क्षणात गळ्याला फास लावते. मागच्या चाकाची जाळी काढून टाकलेली असेल तर परत बसवून घ्या.

मुलाला स्कूटरवर पुढे उभे करू नका. उतारात ब्रेक लागला की त्याचे तोंड हँडलवर आदळते आणि त्याचे वजन हातांच्या मध्ये येऊन वळताही येत नाही. चार वर्षांखालच्या मुलासाठी अंगाला बांधायचा पट्टा, त्याच्या मापाचे हेल्मेट आणि ताशी 40 किलोमीटरपेक्षा कमी वेग असा कायदा आहे. चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, मागच्यालाही, हेल्मेट लागतेच. खरे सांगायचे तर तान्ही मुले, गरोदर बायका आणि म्हातारी माणसे यांनी घाटातून एस.टी.नेच जावे. ट्रिपल सीटचा तर प्रश्नच येऊ नये.

पाऊस, धुके आणि रोजा

पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल वर येते, पुढच्या पावसात कडेला शेवाळ धरते, श्रावणात पाने कुजतात. रंगवलेले पांढरे पट्टे ओले झाले की निसरडे होतात. कड्यावरून तांबडी माती वाहून वळणातच साचते. या सगळ्यांवरून जाताना गाडी शक्य तितकी सरळ ठेवावी, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही अलगद. धुक्यात हेडलाइट लोबीमवर ठेवा. हायबीमचा उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. वीस पावलांपलीकडचे दिसत नसेल तर थांबा.

रमजानात दुपारनंतर अंगात पाणी कमी, डोळ्यांवर झापड आणि मनात इफ्तारला घरी पोहोचण्याची घाई, असे तिन्ही एकत्र येते. खिशात खजूर आणि सोबत पाण्याची बाटली ठेवावी. वेळ झाली की घाटाबाहेर सुरक्षित जागी थांबून रोजा सोडावा, मग निघावे. लग्नघरून जागरण करून रात्री उतरू नये. अल्लाहवर भरवसा ठेवण्याआधी उंट बांधायचा असतो, हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असते.

सराव

हे वाचून कळेल, पण अंगात सरावानेच येईल. गावाबाहेरच्या मोकळ्या, रहदारी नसलेल्या सपाट जागी दोन करवंट्या वीस पावलांवर ठेवा आणि त्यांच्याभोवती अगदी सावकाश आठचा आकडा काढा. नजर नेहमी पुढच्या करवंटीवर. मग एक रेघ ओढा, ताशी वीसच्या वेगाने या आणि दोन्ही ब्रेक हळूहळू वाढवत रेघेच्या आत थांबा. कोपर हलवून पाहा. दर रविवारी पंधरा मिनिटे, चार रविवार. त्यानंतर दिवसा, कोरड्या रस्त्यावर, एकट्याने घाट उतरा. डबल सीट नंतर.

घरात दोन कसरती कराव्यात. भिंतीला पाठ लावून, खुर्चीवर बसल्यासारखे गुडघे वाकवून अर्धा मिनिट थांबणे, तीनदा. आणि एका पायावर उभे राहून मान सावकाश डावीकडे-उजवीकडे वळवणे. पहिलीने मांड्यांना भार पेलता येतो, दुसरीने मान वळली तरी तोल राहतो. गुडघेदुखी असेल त्यांनी पहिली कमी वाकून करावी.

शेवटी घरातल्या मोठ्यांसाठी. मुलगा घाटात असेल अशा वेळी ‘कुठे पोहोचलास?’ म्हणून फोन करू नका. वर निघताना एक आणि खाली उतरल्यावर एक, असे दोन फोन त्यानेच करायचे, हे आधी ठरवून ठेवा. तो आल्यावर ‘किती वेळात आलास?’ असे कौतुकाने विचारू नका. त्या प्रश्नानेच पुढच्या वेळी त्याचा हात ॲक्सिलरेटरवर जास्त वळतो. मध्ये कुठे थांबलास, ब्रेक गार केलेस का, चहा घेतलास का, असे विचारा. उशिरा आला तर ताटावर झाकण ठेवा आणि रागावू नका.